टेकाडापलीकडं काय झालं

वन्सं, विचारायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. मी विचारलं होतं. तुमच्या ओट्यावर बसून विचारलं, रिक्षात विचारलं, दवाखान्यात तर नर्सबाईसमोर विचारलं. उत्तर तेवढं तुम्ही दिलं नाहीत. आता तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, तुमची रेखा वर तुमच्या साड्यांच्या घड्या घालत बसलीय, आणि मी खाली तुमच्याच खुर्चीत बसून परत तेच विचारते आहे. तो चेंडू आपला आपण भोकात गेला, का तुम्ही घातलात?

येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुमच्याबद्दल लई चांगलं सांगितलं. मायाळू होत्या म्हणे, शिस्तीच्या होत्या म्हणे. मी मान हलवत होते. पण मी तुमची भावजय आहे. लोक रडून मोकळे होतात, मला चौकशी केल्याशिवाय रडायला येत नाही.

परवा रेखाच्या नवऱ्याला सगळं समजावून सांगायला गेले. पुण्याचा शिकलेला माणूस, पण गोल्फ म्हणजे त्याला टीव्हीवरचं हिरवं मैदान. मी म्हटलं, जावईबापू, काठीनं चेंडू मारत न्यायचा आणि लांबच्या भोकात घालायचा, फटके जितके कमी तितकं बरं. आमच्या छावणीतल्या मैदानावर प्रत्येक होलाला किती फटके लागावेत ते ठरलेलं आहे. सातव्याला तीन. तीन म्हटल्यावर ते म्हणाले, मग जवळच असेल. तिथंच माणूस फसतं. मारायची जागा उंचावर, समोर खोल ओढा, पाणी कमी आणि घाणेरीची झुडपं जास्त. ओढ्यापलीकडं तांबड्या मुरमाचं टेकाड, आणि भोक आहे ते त्या टेकाडाच्या पाठीमागं, उतरत्या हिरवळीवर. मारणाऱ्याला दिसतो तो नुसता झेंड्याचा शेंडा. फौजेतली तरणी पोरं सगळ्यात मोठी काठी काढतात आणि चेंडू ओढ्यात घालून खाली मान घालून जातात. आपण तर पाच-सहा फटक्यांत सुटलो तरी तुम्ही त्या दिवशी चहा पाजायचात.

पलीकडचं दिसत नाही म्हणून तिथली एक रीत आहे. आधी मारणाऱ्यानं ओढा ओलांडून टेकाडावर जाऊन उभं राहायचं, मागच्याचा चेंडू कुठं पडतो ते बघायचं आणि हातानं सांगायचं. उजवा हात म्हणजे उजवीकडं, डावा म्हणजे डावीकडं, दोन्ही हात वर म्हणजे हिरवळीवर. ओढ्यात गेला तर खाली बसायचं. तुमची कंबर धरायला लागल्यापासून तुम्ही बसायच्या ऐवजी हात जोडायचात. मी इकडं उंचावर, तुम्ही तिकडं दाजींची टोपी घालून नमस्कार करत उभ्या, आणि मी मनात म्हणायची, गेला.

आता ह्यात गोम कुठं आहे ती बघा. आधी कोण मारणार, तर मागचं होल ज्यानं जिंकलं तो. जिंकायचात तुम्ही. म्हणजे तुमचा चेंडू कुठं पडला ते बघायला पुढं कुणी नाही, आणि माझा कुठं पडला ते बघणाऱ्या तुम्ही एकट्या, टेकाडाआड. नणंदेच्या हातात एवढी सत्ता दिल्यावर भावजयीनं काय समजायचं? पहिली दोन वर्षं माझी खात्री होती की तुम्ही माझा चेंडू पायानं घाणेरीत ढकलता. मी तसं तोंडावर म्हटलंही होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "मला लाथ मारायची असती तर चेंडूला कशाला मारली असती?"

मी तरी ह्या खेळात आले कशी? दाजी गेले, त्यांच्या काठ्यांची पिशवी कोपऱ्यात धूळ खात होती, त्यांचं सभासदपण तुमच्या नावावर आलं. डॉक्टरांनी तुम्हाला चालायला सांगितलं. तुम्ही कंग्राळीला आमच्या घरी आलात आणि म्हणालात, "चला वहिनी, नुसतं चालायला." मला तेव्हाच संशय आला होता. तुम्ही नुसतं काहीच करत नव्हतात. महिन्याभरात माझ्या हातात काठी होती. शिकवलं मला कुणी नाही. फौजी साहेबांचे खांदे कसे वळतात ते बघून बघून मी शिकले, साडीचा पदर खोचून आणि पोराचे जुने बूट घालून. पहिल्या दिवशी मी असा घाव घातला की मातीचा गड्डाच उडाला आणि चेंडू जागेवरच. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "वहिनी, रताळी काढायची न्हाईत." त्या हसण्यावर मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही आणि नववा दिवस उजाडायच्या आत मैदानावर हजर.

खरं म्हणजे संशयाची सवय मला तुमच्यामुळंच लागली. जमिनीची वाटणी झाली तेव्हाची गोष्ट. आमच्या गावात बहिणींनी हिस्सा मागायला सुरुवात केली होती, घराघरात बोलाचाली चालल्या होत्या. तुम्ही तेव्हा निपाणीला राहायचात, ह्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही रजिस्ट्रार कचेरीत आलात, हक्कसोड पत्रावर सही केलीत, माझ्या हातची भाकरी खाल्लीत आणि संध्याकाळच्या एस्टीनं परत. एक शब्द नाही. का सोडली, ते नाही. सुगी झाली की नव्या भाताचं एक पोतं पाठवा एवढंच. कोण असं करतं? मी ह्यांना म्हटलं, वन्संच्या मनात काहीतरी आहे. हे म्हणाले, तिच्या मनात तू आहेस आणि आईचं दुखणं तू काढलंस ते आहे. ते मला पटलं नाही. तुम्ही स्वतः म्हणाला असतात तर पटलं असतं. पण तुमच्या तोंडातनं माझ्याबद्दल चांगला शब्द कधी निघायचा नाही. पुरणपोळी जमली तर "बरं झालंय". पोराला नोकरी लागली तर "बरं झालं". बरं ह्याच्या वर तुमची गाडी गेली नाही.

आणि खेळात तर तुम्ही भलत्याच कडक. वाळलेलं पान बाजूला करताना तुमचा चेंडू केसभर हलला, कुणी बघितलं नव्हतं, मी तर ओढ्यात वाकून माझा शोधत होते. तुम्ही हाक मारून सांगितलंत, "माझा एक फटका वाढवा." मी म्हटलं, वन्सं, कोण बघतंय? तुम्ही म्हणालात, "मी बघतेय की." चेंडू भोकापासून टीचभर राहिला की पुरुष लोक एकमेकांना म्हणतात, राहू दे, घेतला. तुम्ही तेही चालू दिलं नाहीत. मारायचा, मोजायचा, मग उचलायचा. अशा बाईनं खोटं केलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि केलं नसेल असं म्हणायला मन रेटत नाही.

त्या दिवसाचं सांगते. तुम्हाला ठाऊकच आहे, पण माझ्या बाजूनं तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत.

थंडी पडली होती. जांबोटीच्या बाजूनं वारा येत होता. सहावं होल मी जिंकलं होतं, म्हणजे सातव्यावर आधी मारायचा मान माझा आणि टेकाडावर जायचं तेही मीच. तुम्ही म्हणालात, "माझी कंबर आखडायला लागलीय, उभं राहवत न्हाई. मी मारते आधी." नियमाची एक रेघ न ओलांडणारी बाई माझा मान घेते, म्हणजे काय? मी तिथंच खूणगाठ बांधली. तुम्ही मारलंत, हळूहळू ओढा उतरलात, चढलात, टेकाडावरनं टोपी हलवलीत. म्हणजे मार. आणि मी काठी नीट धरून वर बघते तर टेकाडावर कुणीच नाही.

मी थोडा वेळ थांबले आणि मारला. वन्सं, फटका चांगला होता. हाताला काही लागलंच नाही, लोण्यातनं काठी गेली तसा. पण चेंडू गेला तो टेकाडाच्या डाव्या कडेवरनं. ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. त्या कडेवरनं गेलेला चेंडू हिरवळीवर येतो, पण कधी तरीच, मुरमाच्या एखाद्या उंचवट्यानं उजवीकडं हाणला तर. हात दाखवायला कोणी नाही. मला वाटलं, तुम्ही पडलात. मी ओढ्यातनं साडी घाणेरीला अडकवत धावले. टेकाडावर चढून बघते तर तुम्ही खाली, झेंड्याजवळ, दोन्ही हात वर करून उभ्या.

ते हात मला आजपर्यंत सोडत नाहीत. कुणाला दाखवत होतात? मी तर टेकाडाच्या ह्या बाजूला होते. का पाचोळ्यातनं येणारी माझी पावलं ऐकली आणि मग वर केलेत?

मी जवळ आले. तुम्ही झेंडा बाजूला धरलात आणि म्हणालात, "बघा आत." माझाच चेंडू होता, नातीनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलेला. एका फटक्यात. त्या सातव्यावर. मग तुम्ही म्हणालात, "चांगलं मारलंत, वहिनी."

लग्न होऊन तुमच्या माहेरी आल्यापासून पहिल्यांदा. बरं नाही, चांगलं. मला हरखून जायला पाहिजे होतं. आणि माझी नजर कुठं गेली, तर तुमच्या हातातल्या काठीच्या टोकाकडं. तिथं ती रबरी वाटी लावलेली. कंबर वाकत नाही म्हणून तुम्ही मुठीच्या टोकाला बसवून घेतली होती, चेंडूवर दाबली की चेंडू चिकटून वर येतो. भोकातला येतो तसा गवतातलाही येतो. आणून भोकावर सोडायला मग वाकावं लागत नाही.

मी तिथंच विचारलं असतं, पण तुमचा चेहरा बघितला आणि चेंडू उचलून पिशवीत टाकला. घरी जाताना रिक्षात विचारलं. तुम्ही रिक्षावाल्याला कानडीत रस्ता सांगत बसलात, त्याला माहीत असलेलाच. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या मैदानाला कुंदा वाटलात. एका फटक्यात होल झालं की ज्याचं झालं त्यानं खाऊ घालायचं असतं, पण तुम्ही मला पुढं होऊ दिलं नाहीत. सेक्रेटरीकडं जाऊन सांगून आलात की क्लबातल्या लाकडी पाटीवर माझं नाव लागलं पाहिजे. मी म्हटलं, थांबा की, घाई कसली? तुम्ही म्हणालात, "पेंटरला सवड कधी मिळंल काय सांगावं." त्या आठवड्यात तुमच्या हातात डॉक्टरचा रिपोर्ट होता. ते मला नंतर कळलं. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की ही बाई घाई करते आहे, म्हणजे काहीतरी दडवते आहे.

दवाखान्यात तुम्हाला सलाईन लावलेलं. सेक्रेटरी म्हणाले होते, बाई फोन करून विचारत असतात, पाटी रंगवली का. मला राहवेना. म्हटलं, "वन्सं, खरं सांगा. तुम्ही घातला न्हवं?"

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "जमीन सोडली तवाबी असंच मागं लागला हुता."

"त्याचंबी उत्तर दिलं न्हाई तुमी."

"दिलं न्हाई. तरी पिकवून खाल्लासा न्हवं?" मग जरा दम घेऊन, "वहिनी, कुणी काय दिलं तर घ्यावं. सारखं उलटून बघू नये."

आता हे घ्या. हे कबूल केलं म्हणायचं का न केलं? दिलं म्हणजे चेंडू दिला, का शाबासकी दिली? मी पुढं विचारणार तेवढ्यात नर्सबाईनं मला बाहेर काढलं. त्यानंतर तुम्ही बोललात ते पाणी, पाय दाबा, रेखा आली का, एवढंच.

तुम्हाला वाटत असेल एका चेंडूचं हिला एवढं काय. तसं नाही, वन्सं. चेंडू माझा मी मारला असेल, तर "चांगलं मारलंत" हे खरं. आणि तुम्ही घातला असेल, तर ते शब्दही त्या रबरी वाटीनं उचलून ठेवलेलेच. जाणाऱ्या माणसानं केलेली दया. मला तुमच्याकडनं दया नको होती. मला एकदाच, खरोखर, शाबासकी पाहिजे होती.

बारावं झालं त्या दुपारी रेखा औषधं आवरत होती. म्हणाली, "मामी, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहूनच गेलं बघा."

मी म्हटलं, कसलं मोतीबिंदू?

"तुमाला म्हाईत न्हाई? गेल्या वर्षापासनं तिला लांबचं दिसतच नव्हतं. मी लई मागं लागले. म्हणायची, मामींना सांगू नको, त्या मला खेळायला येऊ द्यायच्या न्हाईत."

मी भांडी तशीच टाकून मागच्या दारी जाऊन बसले. पावसाळा संपल्यापासून तुम्ही टेकाडावरनं मला नुसतं उजवीकडं धाडत होतात. मी घाणेरीत काटे सोसत शोधायची आणि चेंडू सापडायचा डावीकडं. मी म्हणायची, मुद्दाम करतात. तुम्हाला दिसतच नव्हतं, वन्सं. तुम्ही अंदाजानं हात वर करत होतात आणि माझ्या शिव्या ऐकून घेत होतात.

आणि मग मला त्या दिवसाचं सगळं उलटं दिसायला लागलं. आधी मारायचा हट्ट का, तर तुम्हाला पुढं जायला वेळ पाहिजे होता. टेकाड सोडून खाली का, तर टेकाडावरनं दिसत नव्हतं. झेंड्याजवळ उभं राहिलं तर निदान जवळ पडलेला दिसंल, म्हणून. माझा चेंडू डोक्यात बसला असता तर? एवढी जोखीम घेऊन तुम्ही उभ्या राहिलात ती माझा फटका बघायला. चेंडू टेकाडावरनं घरंगळत तुमच्या पायाजवळनं आत गेला असेल आणि आनंदानं तुमचे हात आपोआप वर गेले असतील. बघणारं कुणी नसताना. मी ढसाढसा रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा.

तोंड धुतलं आणि परत संशय आला. ती वाटी होतीच की तुमच्या हातात.

काल मी तुमची काठ्यांची पिशवी आणायला मैदानावर गेले. सेक्रेटरी तुमच्या आठवणी काढत होते. त्यांचं मराठी कानडी वळणाचं, पण माणूस मऊ. पेंटर आतच होता, पाटी खाली उतरवून टेबलावर आडवी ठेवलेली. कमिटीतले ते रिटायर झालेले गृहस्थ आहेत बघा, ज्यांना सातव्यावर आयुष्यात कधी पाचाच्या खाली जमलं नाही, ते चहा पीत बसले होते. म्हणाले, नाव घालायच्या आधी जरा खात्री करायला पाहिजे. साक्षीदार तर आता राहिल्या नाहीत. बशीत चहा ओतत हसून पुढं म्हणाले, दोघीच होत्या न्हवं? नणंद-भावजय?

म्हणजे मी जे इतके दिवस तुम्हाला विचारत होते, तेच. शब्द माझेच. पण दुसऱ्याच्या तोंडातनं ऐकल्यावर माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या बाईनं केसभर हललेल्या चेंडूचा फटका स्वतःवर लावून घेतला, तिच्याबद्दल हा माणूस बशीतनं फुरके मारत बोलतो.

सेक्रेटरी अवघडून म्हणाले, "आक्का, रागावू नका. तुम्ही स्वतः बघितलं का आत जाताना?"

मी म्हटलं, "न्हाई. मधी टेकाड आहे. मारणाऱ्याला कधीच दिसत न्हाई. आमच्या वन्संनी बघितलंय."

ते गृहस्थ बशी ठेवून म्हणाले, "बाई चांगल्या होत्या, माझं काय म्हणणं न्हाई. पण वय झालेलं. नजर तरी धड होती का त्यांची?"

पेंटर ब्रश घेऊन थांबला होता. सगळे माझ्याकडं बघत होते. मला रेखाचं बोलणं आठवलं, उजवीकडचे काटे आठवले, रबरी वाटी आठवली. सगळं एकदम.

मी म्हटलं, "तुमच्यापेक्षा चांगली हुती."

पेंटरनं लिहायला घेतलं. मी पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर आले. वन्सं, खरं काय ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण आता त्यात खोटं असलंच, तर ते दोघींचं झालं.